दोन सरोवरांमधले पेंटिक्टन

पश्चिम कॅनडाची सहल म्हटली, की व्हँकुव्हरचा समुद्रकिनारा आणि रॉकी पर्वतातील बान्फ, जास्पर ही नावे मराठी पर्यटकाला चटकन आठवतात. या दोहोंच्या मधले ओकानागन खोरे बहुतेकांच्या वाट्याला येते ते बसच्या खिडकीतून किंवा फार तर एका रात्रीच्या मुक्कामापुरते. याच खोऱ्याच्या दक्षिण भागात पेंटिक्टन हे सुमारे ३७ हजार वस्तीचे छोटे शहर वसले आहे. उत्तरेला ओकानागन सरोवर, दक्षिणेला स्काहा सरोवर आणि मधल्या सपाट पट्टीवर शहर, अशी त्याची रचना आहे. एका सरोवराच्या वाळूवरून दुसऱ्या सरोवराच्या वाळूवर मोटारीने दहा-पंधरा मिनिटांत पोहोचता येते.

येथील मूळ रहिवासी असलेल्या सिल्ख समाजाच्या भाषेतून शहराचे नाव आले असून ‘कायम राहण्याची जागा’ असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मात्र गेल्या काही वर्षांत वणवे, धूर आणि अवचित येणारा थंडीचा कडाका यांनी या खोऱ्याचे वेळापत्रक पार विस्कटून टाकले आहे. त्यामुळे येथे काय पाहावे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, केव्हा जावे हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे.

सरोवराने घडवलेले हवामान

ब्रिटिश कोलंबिया प्रांत पावसासाठी प्रसिद्ध असला, तरी पेंटिक्टनला वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून सुमारे ३५० मिलिमीटरच पाणी मिळते. प्रशांत महासागरावरून येणारे ढग किनाऱ्यालगतच्या पर्वतरांगांवर रिते होतात आणि त्यापलीकडचे हे खोरे पर्जन्यछायेत राहते. डोंगरउतारांवर विरळ पाइन वृक्ष आणि कोरडे गवत दिसते, ते त्यामुळेच.

अशा कोरड्या प्रदेशात फळबागा फुलल्या त्या सरोवरांच्या आधाराने. हिमनद्यांनी कोरलेले ओकानागन सरोवर सुमारे १३५ किलोमीटर लांब असून त्याची रुंदी मात्र चार-पाच किलोमीटरच आहे. त्याची कमाल खोली २३२ मीटर आहे. एवढा खोल जलसाठा उन्हाळ्यात उष्णता साठवतो आणि हिवाळ्यात ती सावकाश सोडतो. त्यामुळे सरोवर सहसा पूर्ण गोठत नाही आणि काठावरच्या उतारांना कडक थंडीपासून थोडे संरक्षण मिळते. पीच, जर्दाळू, चेरी, सफरचंद आणि द्राक्षे ही पिके येथे निघतात, ती या संरक्षणाच्या भरवशावर.

टॉमस एलिस हा आयरिश माणूस १८६५ साली येथे आला. त्याने गुरे पाळली आणि फळझाडेही लावली. पुढे १९०५ साली त्याची विस्तीर्ण जमीन विकली गेली, डोंगरातील ओढ्यांचे पाणी बागांना मिळू लागले आणि गुरांच्या कुरणांची जागा फळबागांनी घेतली. पेंटिक्टनला १९०८ साली नगरपालिकेचा, तर १९४८ साली शहराचा दर्जा मिळाला. दक्षिण ओकानागनमधील अनेक बागा आज पंजाबी कुटुंबांच्या मालकीच्या आहेत, ही भारतीय पाहुण्यासाठी सुखद ओळखीची गोष्ट ठरते.

काय पाहावे?

ओकानागन सरोवराच्या काठावर ‘सिकॅमस’ ही जुनी आगबोट उभी आहे. १९१४ साली पाण्यात उतरलेली ही बोट मागच्या बाजूच्या मोठ्या चाकाने चालत असे. खोऱ्यात नीट रस्ते नव्हते, तेव्हा माणसे, टपाल आणि फळांच्या पेट्या अशा बोटींतूनच जात. आता तिचे संग्रहालय झाले आहे. १९१५ साली येथून केटल व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि पुढे रस्ते आले, तसे बोटींचे महत्त्व ओसरले. ती रेल्वेही आता इतिहासजमा झाली आहे. तिचे रूळ उखडलेल्या मार्गावरून लोक पायी किंवा सायकलने फिरतात. आगगाडीसाठी आखलेला मार्ग असल्याने चढ अगदी सौम्य आहे. शहरापासून नारामाटा गावाकडे जाताना एका बाजूला द्राक्षमळे आणि खाली निळे सरोवर, असे दृश्य दिसते. वेळ कमी असेल, तर मन्सन टेकडीवर चढून जावे. तिच्या उतारावर शहराचे नाव प्रचंड अक्षरांत लिहिलेले असून माथ्यावरून सरोवर दूरवर दिसते.

उन्हाळ्यातील सर्वांत लोकप्रिय विरंगुळा म्हणजे दोन सरोवरांना जोडणाऱ्या कालव्यात हवा भरलेल्या ट्यूबवर बसून वाहत जाणे. हा प्रवास सुमारे दोन तासांचा असतो. प्रवाह संथ असला, तरी लहान मुले आणि पोहता न येणाऱ्यांनी जीवरक्षक जॅकेट घातलेच पाहिजे.

हा कालवा मुळात वळणे घेत वाहणारी ओकानागन नदी होती. पुराला आवर घालण्यासाठी १९५०च्या दशकात ती सरळ करण्यात आली. त्यात शहर सुरक्षित झाले, पण सामन माशांची विणीची जागा मोठ्या प्रमाणावर गेली. हे मासे परत आणण्यासाठी सिल्ख समाजाने दीर्घ प्रयत्न केले आणि २०१४ साली येथे मत्स्यबीज केंद्र सुरू झाले. ट्यूबवर निवांत पहुडलेल्या पर्यटकाला हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही.

‘ओगोपोगो’ या सरोवरातील राक्षसाचेही तसेच आहे. दुकानांत त्याची हिरवी खेळणी मिळतात. सिल्ख परंपरेत मात्र तो राक्षस नसून सरोवराचे पवित्र चैतन्य आहे. शेजारच्या व्हर्नन शहराकडे १९५६ पासून या नावाचे स्वामित्वहक्क होते. ते सिल्ख समाजाच्या संघटनेकडे सोपवण्याचा निर्णय त्या शहराने २०२१ साली घेतला.

आग आणि गारठा

या खोऱ्याला वणवे नवीन नाहीत. २००३ साली केलोनाजवळ भडकलेल्या वणव्यात २३९ घरे जळाली आणि केटल व्हॅली मार्गावरील मायरा दरीतील १८ पुलांपैकी १२ लाकडी पूल भस्मसात झाले. ते पुढे नव्याने बांधण्यात आले. ऑगस्ट २०२० मध्ये स्काहा सरोवराच्या पूर्वेकडील डोंगर पेटला, तेव्हा पेंटिक्टनमधील हजारो घरांना तयारीत राहण्याचा इशारा देण्यात आला होता. कायम राहण्याच्या जागेतील माणसे त्या दिवसांत सामानाच्या पिशव्या भरून दाराशी ठेवत होती.

ऑगस्ट २०२३ मध्ये याहून मोठे संकट आले. वेस्ट केलोनाजवळचा वणवा १७ तारखेच्या रात्री ठिणग्यांवाटे सरोवर ओलांडून पलीकडच्या काठावर पोहोचला. प्रांतात आणीबाणी जाहीर झाली आणि पेंटिक्टनसह काही शहरांत पर्यटकांच्या मुक्कामावर निर्बंध आले. हॉटेलांतील खोल्या बेघर झालेल्यांसाठी आणि अग्निशमन दलासाठी हव्या होत्या. पेंटिक्टनमधील निर्बंध काही दिवसांतच उठले, पण ऐन हंगामातील पाहुणे मात्र निघून गेले होते.

त्यातून सावरण्याआधीच जानेवारी २०२४ मध्ये थंडीची लाट आली. पारा उणे २५ अंशांच्याही खाली गेला. एरवी कामी येणारे सरोवराचे संरक्षण या वेळी अपुरे पडले. द्राक्षांचे जवळपास सर्व पीक गेले. पीच आणि जर्दाळूचीही तीच अवस्था झाली. पीचसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात त्या उन्हाळ्यात स्थानिक पीच दुर्मिळ झाले. १९३६ साली स्थापन झालेल्या बागायतदारांच्या मोठ्या सहकारी संस्थेने त्याच वर्षी जुलैमध्ये काम थांबवण्याची घोषणा केली. सहकारावर उभी राहिलेली ही व्यवस्था कोसळल्याने, काढणी तोंडावर आली असताना माल कोठे द्यायचा, हा प्रश्न शेकडो बागायतदारांपुढे उभा राहिला.

केव्हा जावे?

एप्रिलच्या मध्यापासून मेपर्यंत बागा फुलांवर असतात. गर्दी कमी आणि हवा सहसा स्वच्छ असते. जूनअखेरीपासून चेरी, जुलैच्या मध्यापासून जर्दाळू आणि त्यापाठोपाठ पीच बाजारात येतात. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सरोवरात पोहण्यास जुलै-ऑगस्ट उत्तम. मात्र कडक ऊन आणि धुराची शक्यताही याच दोन महिन्यांत सर्वाधिक असते. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जायचे असल्यास मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडणे शहाणपणाचे ठरेल. सप्टेंबरमध्ये द्राक्षे आणि सफरचंदांची तोडणी सुरू असते.

भारतीय नागरिकांना कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. व्हँकुव्हरहून पेंटिक्टन रस्त्याने सुमारे ४२० किलोमीटर असून पाच तास हाताशी ठेवावेत. केलोना शहर उत्तरेला साधारण ६५ किलोमीटरवर आहे. १ ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत डोंगरी महामार्गांवर हिवाळी टायर बंधनकारक असतात. नोव्हेंबर २०२१ मधील अतिवृष्टीत किनाऱ्याकडून येणारे प्रमुख रस्ते तुटले होते आणि कोकिहाला महामार्ग काही आठवडे बंद होता, हे ध्यानात ठेवून परतीच्या विमानाआधी एखादा दिवस मोकळा ठेवावा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी दोन शब्दांतील फरक समजून घ्यायला हवा. ‘अलर्ट’ म्हणजे सामान बांधून तयार राहा; ‘ऑर्डर’ म्हणजे त्याच क्षणी निघा. प्रांताच्या वणवा विभागाचा नकाशा आणि रस्त्यांची स्थिती संकेतस्थळावर पाहता येते. आरक्षण करताना ते रद्द करण्याची मुभा आहे का, हे आधी विचारावे आणि प्रवास विम्याच्या अटीही वाचाव्यात.

हे सर्व वाचून बेत रद्द करण्याचे मात्र कारण नाही. संकट ओसरल्यावरही पाहुणे फिरकले नाहीत, तर त्याचा फटका हॉटेलांइतकाच बागायतदारांनाही बसतो. हंगामात शनिवारी सकाळी मुख्य रस्त्यावर शेतकऱ्यांचा बाजार भरतो. तेथे पीच घेताना यंदाचे पीक कसे आहे, एवढे विचारले, तरी या खोऱ्याची निम्मी हकिकत विक्रेत्याकडूनच ऐकायला मिळेल.