भाज्याची थाप किती जोरात?

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की पहिलं स्टेशन मळवली. तिथून जवळच, भाजे लेण्यांतल्या एका शिल्पात एक बाई तबल्यासारखी वाद्यं वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. दगडात हातांची ठेवण टिकली, थापेचा जोर काही टिकला नाही. कागदावरच्या स्वरलिपीचीही गत फारशी वेगळी नाही. भातखंड्यांच्या पद्धतीत सप्तक, कोमल-तीव्र, मात्रा, मींड, कण यांना खुणा आहेत. लहानमोठ्या आवाजाचं शिक्षण मात्र गुरूसमोर बसूनच व्हायचं. संगणकाला तशी तालीम नसते. त्यात मिडी या संगणकीय संगीताच्या सांकेतिक भाषेची जी ‘जनरल मिडी’ ही 128 वाद्यांची प्रमाण यादी आहे, तिच्यात सतार आहे, सनई आहे, पण तबला नाही. तो बाहेरून आणावा लागतो आणि त्याचा मूळ आवाज इतरांशी जुळेलच असं नाही. मग म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली धून मिडीत ऐकताना ठेका सनईवर कुरघोडी करतो.

अशा वेळी तबल्याच्या ओळीवर सरसकट ‘हळू’ची खूण टाकण्याचा मोह होतो. मला हा उपाय चुकीचा वाटतो. 1983 साली आलेल्या मिडीत आवाजाचे दोन वेगळे आकडे आहेत, दोन्ही 0 ते 127. व्हेलॉसिटी प्रत्येक बोलासोबत जाते आणि तो किती जोरात वाजला ते सांगते; ‘हळू’ची खूण हाच आकडा उतरवते. सात नंबरचा कंट्रोलर अख्ख्या चॅनेलची पातळी ठरवतो. चांगल्या ध्वनिसंचात व्हेलॉसिटी उतरली की नादाचा पोतच बदलतो, कारण हलक्या हाताने वाजवलेला ‘धा’ आणि लांबून ऐकू येणारा ‘धा’ एक नव्हेत. तबला मागे न्यायचा असेल तर पातळी उतरवावी, तबलजीचा हात बदलू नये. जनरल मिडी 2 च्या शिफारशीनुसार हा कंट्रोलर 127 वरून 64 वर आणला तर आवाज सुमारे 12 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला निम्म्याहूनही कमी.

प्रत्येक यंत्रावर फाइल वेगळीच वाजते, मग एवढा काटेकोरपणा कशाला, असं कुणी म्हणेल. पण वेगळी वाजते म्हणूनच हे आकडे सुटे हवेत: दुसऱ्याच्या यंत्रावर तबला वरचढ झाला तर त्याला पातळीची एकच पट्टी खाली ओढता येते, शेकडो बोल पुन्हा तपासावे लागत नाहीत. एक आक्षेप मात्र खरा आहे. सनईचा लांब सा मध्येच फुगवायचा असेल तर या दोन आकड्यांनी नीट भागत नाही. व्हेलॉसिटी स्वर सुरू होतानाच ठरते, आणि पातळी हलवली तर बसवलेला तोल बिघडतो. तिथे अकरा नंबरचा, एक्स्प्रेशनचा कंट्रोलर लागतो. तो नसला की चार मात्रांचा सा जसा सुरू झाला तसाच सपाट संपतो.