परगावचे कारभारी (भाग ६) : चिक्कोडी ते डेट्रॉईट

मागच्या भागात आपण विल्यम ग्रेस यांची कहाणी वाचली. आयर्लंडमध्ये जन्मलेले, पेरूच्या व्यापारात मोठे झालेले ग्रेस १८८० साली न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आले. आजचा माणूस आपल्या शेजारचा आहे. महापौर नव्हे, तो अमेरिकेत खासदार झाला. पण बाहेरून आलेल्या उद्योजकाला शहर आपला कारभार कधी सोपवतं, हा प्रश्न दोघांच्याही आयुष्यात सारखाच आहे.

आपल्या शिरोळ तालुक्याची हद्द ओलांडली की चिक्कोडी तालुका लागतो. श्री ठाणेदार यांचा जन्म १९५५ साली चिक्कोडीचा, बालपण बेळगावचं. घर मोठं आणि पैशाची ओढाताण कायमची. रसायनशास्त्र शिकून ते १९७९ साली अमेरिकेला गेले आणि १९८२ साली अ‍ॅक्रन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे सेंट लुईसमधली 'केमिर' ही छोटी प्रयोगशाळा त्यांनी ७५ हजार डॉलरना विकत घेतली आणि वाढवली. 'ही श्रीची इच्छा' या त्यांच्या आत्मकथनामुळे ही चढण मराठी घराघरांत पोहोचली.

मग उतरण आली. कर्ज काढून धंद्याचा पसारा वाढवलेला, त्यात २००८ ची मंदी. हप्ते थकले, कंपन्या हातच्या गेल्या. पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी मिशिगनमध्ये 'अ‍ॅव्होमीन' ही नवी प्रयोगशाळा उभी केली आणि २०१६ साली तिचा मोठा हिस्सा विकला. त्यानंतर राजकारण.

अमेरिकेचा कायदा इथे समजून घ्यायला हवा. राष्ट्राध्यक्षपद जन्मजात नागरिकालाच मिळतं. मात्र प्रतिनिधिगृहात जायला सात वर्षांचं नागरिकत्व पुरतं, सिनेटला नऊ. शिवाय पक्षाचा उमेदवार वरून ठरत नाही. प्राथमिक निवडणुकीत तो मतदार निवडतात. त्यामुळे नवख्यालाही दार उघडं असतं. ठाणेदारांनी २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर ओतले आणि पक्षाच्या प्राथमिक फेरीतच तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

पैशाने नाव घरोघरी गेलं, राज्य मिळालं नाही. नंतर त्यांनी मोर्चा डेट्रॉईटकडे वळवला. २०२० साली ते तिथून राज्याच्या विधानसभेत गेले, २०२२ साली अमेरिकी संसदेत आणि २०२४ साली पुन्हा तिथेच.

या विजयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. डेट्रॉईट हे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेलं शहर. कृष्णवर्णीय नेते चार्ल्स डिग्ज १९५५ साली तिथून संसदेत गेले, तेव्हापासून तिथला किमान एक तरी कृष्णवर्णीय प्रतिनिधी संसदेत असायचा. ठाणेदार निवडून आले आणि ही परंपरा तुटली. अनेक उमेदवारांत मतं विभागली गेली आणि पैसेवाल्याचं फावलं, असं तिथले लोक बोलले. ही नाराजी द्वेषाची म्हणून झटकता येणार नाही. त्या जागेमागे एका समाजाचा दीर्घ लढा आहे. बाहेरून येऊन तिथे बसणाऱ्याने ते ऋण ओळखलंच पाहिजे.

माझं मत स्पष्ट आहे. कुठे जन्मला यावरून कुणालाही कारभारापासून दूर ठेवू नये. पण धंद्यात यश मिळालं म्हणजे कारभार करता येतो, असंही धरून चालू नये. धंद्यात तोटा आपला असतो. कारभारात तो साऱ्या गावाला भोगावा लागतो.

जन्मगाव आड येऊ नये, हे आपल्या जयसिंगपूरला वेगळं सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने ही पेठ वसवली, ती बाहेरून आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि कष्टकऱ्यांच्या भरवशावर. इथली बहुतेक घराणी दोन-चार पिढ्यांपूर्वी परगावचीच होती. नगराध्यक्ष आपण थेट मतदानाने निवडतो. तेव्हा उमेदवाराला मूळ गाव विचारू नका आणि त्याची गाडीही पाहू नका. कुठल्या गल्लीत पाणी कमी दाबाने येतं आणि कुठली गटार तुंबते, एवढं त्याला विचारा. उत्तर आलं, तर तो आपला माणूस.