शब्द एक, अर्थ अनेक : तबला, पाट आणि रेडिओ

पुण्याहून रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याला नुसतं "केडगावला उतरा" असं सांगून पहा. गडी उतरेल दौंड तालुक्यातल्या केडगाव स्टेशनात आणि तिथे रेणुकामातेचं देऊळ विचारत बसेल! नाव एक, गावं दोन. शब्दांचंही असंच होतं, आणि इंजिनिअरिंगच्या ओरलला त्याची फार किंमत मोजावी लागते. म्हणून मित्रांनो, रोजच्या वापरातले चार-पाच शब्द आज जरा उलटेपालटे करून पाहू.

पहिला शब्द, आवर्तन. आपल्या जिल्ह्यात हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडी पहिल्यांदा ऐकू येतो. "मुळा धरणातून आवर्तन सुटलं" म्हणजे कालव्याला पाण्याची पाळी आली. घरात गणपती बसले की अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात. तबलजीला विचारा, तो म्हणेल तीनतालाचं एक आवर्तन १६ मात्रांचं, झपतालाचं १०, दादऱ्याचं ६. आणि आपल्या लॅबमध्ये? खोलीतल्या प्लगमधला विद्युतप्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. सगळीकडे गाभा एकच : फिरून तिथेच येणं. आता मजा पहा. सेकंदाला एक मात्रा या लयीत तीनताल वाजवला, तर एका आवर्तनाला १६ सेकंद लागतात. मग त्याची वारंवारता किती? एक भागिले सोळा, म्हणजे ०.०६२५ हर्ट्झ. ज्याला हे कळलं त्याला आवर्तकाल आणि वारंवारता यांचं नातं पाठ करावं लागत नाही. फरक एवढाच, की तबल्याचं आणि विजेचं आवर्तन ठरल्या वेळेला परत येतं. कालव्याचं कधी येणार ते धरणातला साठा आणि समितीची बैठक ठरवते!

दुसरा शब्द, सम. गवई कितीही ताना मारून आला तरी समेवर बरोबर येतो आणि ऐकणारे मान डोलावतात. ही सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. पण गणितात एक हा आकडा विषम! म्हणजे संगीतातली सम कायम विषम आकड्यावर पडते. इथे शब्दाच्या नादी लागून चालत नाही. मात्रेचंही तसंच. तबल्याची मात्रा वेळ मोजते, वैद्याची औषध मोजते, आणि 'के' या अक्षरावरची मात्रा नुसती स्वराची खूण असते.

तिसरा शब्द, पट्टी. ड्रॉइंगची पट्टी, जखमेवरची पट्टी, महापालिकेची घरपट्टी. नेप्तीला कांदा विकून आलेल्या माणसाच्या खिशातली पट्टी वेगळीच, तिच्यावर घरचा महिना अवलंबून. पेटीवर मात्र पट्टी म्हणजे बोट ठेवायची जागा, आणि त्यावरून गायकाचा आधारस्वर : काळी एक, पांढरी चार वगैरे. रेडिओत आपण 'पट्टा' म्हणतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. नीट पहा : गायकाची पट्टी ही एकच जागा, रेडिओचा पट्टा हा दोन जागांमधला सगळा टापू. तेव्हा "वरच्या पट्टीत" ओरडणारा रूम पार्टनर आणि वरच्या पट्ट्यातलं स्टेशन यांचा काडीचा संबंध नाही.

आता सर्वांत फसवा शब्द, लहर. पाण्यावर लहर, थंडीची लहर, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सिनेमाला जायची लहर. रेडिओवर 'मध्यम लहरी'. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. कित्येक वर्षं ते ७९२ किलोहर्ट्झवर ऐकलं गेलं. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागा, लहरीची लांबी येते ३७८.८ मीटर. आणि पेटीतल्या मधल्या सप्तकातली पांढरी सहा? प्रमाण सुराप्रमाणे ४४० हर्ट्झ. ७९२ किलोहर्ट्झ हे त्याच्या बरोबर १८०० पट.

मग रेडिओची लहर म्हणजे फार वरच्या पट्टीतला आवाज का? मुळीच नाही! टू-जी, थ्री-जीच्या लिलावांच्या काळात मराठी वर्तमानपत्रांत 'ध्वनिलहरींचा लिलाव' असा शब्दप्रयोग सर्रास दिसे. लिलाव होता रेडिओलहरींचा. ध्वनी म्हणजे हवेतल्या दाबाची लहर. तिला माध्यम लागतं आणि तिचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. पुण्यातला आवाज हवेतून केडगावपर्यंत पोहोचू शकला असता (पोहोचत नाही, वाटेतच विरतो), तर त्याला साडेपाच मिनिटं लागली असती. रेडिओलहर विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राची. तिला माध्यम लागत नाही, आणि ती तेवढंच अंतर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत कापते. मध्यमलहरींच्या स्टुडिओत मायक्रोफोन आवाजाचं विजेत रूपांतर करतो. त्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीची उंची कमीजास्त केली जाते. तुमचा रेडिओ तो चढउतार वेगळा काढतो आणि स्पीकर पुन्हा हवा हलवतो. म्हणजे आवाज फक्त दोन टोकांना. मधल्या सगळ्या वाटेवर त्याचा नुसता नकाशा जातो.

थोडक्यात काय, तर आपल्यातले बरेचजण मराठी माध्यमातून आलेले. इंग्रजी शब्द समोर आला की आपण गांगरतो आणि घरचा शब्द विसरतो. तो विसरू नका, पण त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. प्रत्येक शब्दाला दोनच प्रश्न विचारा : इथे नक्की काय हलतंय, आणि ते कोणत्या एककात मोजतात? सेकंद, मीटर की हर्ट्झ? उत्तर आलं, तर आवर्तन पाटाचं असो वा प्लगमधलं, तुम्ही समेवर आलात म्हणून समजा.