बॉण्डवर जागा घेताय? आधी उतारा बघा

बेळगावच्या उपनगरांत अजूनही बॉण्डवर जागा विकली जाते. नोटरीचा शिक्का बघून घेणारा निश्चिंत होतो. पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे 100 रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री उपनिबंधकाकडे नोंदवावीच लागते. नाहीतर उताऱ्यावर मूळ शेतकऱ्याचंच नाव राहतं. उद्या त्याच्या मुली-मुलगे वाटणी मागायला आले की घर बांधून बसलेला अडकतो. जमीन एनए नसेल तर बँकही सहसा कर्ज देत नाही.

इसार देण्याआधी ईसी काढा. फॉर्म 15 वर मागचे व्यवहार, बोजा दिसतो. फॉर्म 16 आला तर त्या काळात नोंद नाही. मात्र बॉण्डवरचा सौदा ईसीत येतच नाही, त्यामुळे तीच जागा आधी कुणाला विकलीय का, हे त्यावरून कळणार नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी कराच. कागद कन्नडमध्ये असतात. ते एजंटाकडून नव्हे, आपल्या वकिलाकडून वाचून घ्या.