स्वर्गमंडपाचे छायाचित्र आणि अतिरुंद भिंगाचा विवेक

त्रिपुरासुराच्या वधाने हर्षित झालेल्या देवांनी दीप उजळले, अशी कार्तिकी पौर्णिमेची कथा आहे. म्हणून या रात्री शिवालयांच्या दीपमाळा पाजळतात, नदीच्या प्रवाहावर द्रोणांतून दिवे सोडले जातात आणि घरातील वृद्ध माणसेही थंडीची पर्वा न करता देवळाच्या पायरीपर्यंत येतात. अलीकडे या दीपोत्सवात आणखी एक उपकरण सर्वत्र दिसू लागले आहे, ते म्हणजे कॅमेरा. आणि तरुण मंडळींच्या तोंडी त्याबरोबर एक नाव असते : ‘अल्ट्रा वाइड अँगल लेन्स’. आम्ही त्यास अतिरुंद भिंग म्हणू.

या भिंगाचा मोह सर्वांत अधिक कोठे पडत असेल, तर तो खिद्रापुरी. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी असलेले कोपेश्वराचे हे मंदिर वाचकांस ठाऊक असेलच. दगडी हत्तींच्या रांगेवर उभे राहिलेले देवालय, यादव नृपती सिंघणाचा तेराव्या शतकातील संस्कृत शिलालेख आणि सर्वांच्या पुढे तो विलक्षण स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांबांच्या या मंडपाचे छत मध्यभागी बांधलेलेच नाही. तेथे सुमारे १३ फूट व्यासाचे वर्तुळ आकाशाला मोकळे ठेवलेले आहे. त्याखाली वर्तुळाकार शिला आणि तिच्या भोवती बारा खांबांचे कडे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र या वर्तुळावर येतो आणि शिळेवर चांदणे उतरते.

यात चमत्कार नाही, गणित आहे. आणि ते कळल्याने भाविकाचा आनंद उणावत नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. कार्तिकात सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस सरासरी अठरा अंशांवर असतो, म्हणून चंद्र तितकाच उत्तरेस असतो. खिद्रापूरचे अक्षांश सतरा अंशांच्या किंचित आत आहेत. साहजिकच मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे काही वर्षी तो थोडा सरकलेला दिसतो, एवढेच.

हे दृश्य टिपण्यासाठी घराघरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलगा वा पुतणी म्हणते, आपल्या कॅमेऱ्यात सगळा मंडप मावत नाही, अतिरुंद भिंग घ्यायला हवे. त्याची किंमत पुष्कळ घरांच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक असते. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगावी उतरताना हा प्रश्न यजमान आम्हांसही विचारतात आणि मागील वर्षीची चित्रे पुढे ठेवतात. त्या चित्रांत पुष्कळदा आजी कडेला असते आणि तिचे मुख ओढल्यासारखे रुंद झालेले असते. एका उत्सवाच्या रात्रीचे आजीचे ते एकच चित्र घरात राहणार असेल, तर हा विषय केवळ हौसेचा राहत नाही.

प्रथम भिंगाची जात समजून घेऊ. भिंगावर लिहिलेला मिलिमीटरचा आकडा म्हणजे त्याचे नाभीय अंतर. हा आकडा जितका लहान, तितका दृष्टीचा कोन मोठा. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरच्या भिंगाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंश दिसतात, २४ च्या भिंगाने ८४, तर १४ च्या भिंगाने ११४. घरगुती भाषेत सांगायचे तर भिंतीपासून दहा फुटांवर उभे राहिल्यास ५० च्या भिंगात भिंतीची सात फूट रुंदी येते, २४ मध्ये पंधरा फूट आणि १४ मध्ये पंचवीस फुटांहून थोडी अधिक. सामान्यतः २४ हून लहान आकड्याच्या भिंगांस अतिरुंद म्हणतात.

येथे एक व्यवहाराची गोष्ट ध्यानी धरावी. पुष्कळ घरगुती कॅमेऱ्यांतील चौकट लहान असते. अशा कॅमेऱ्यात आकड्यास दीडाने, कॅननच्या बाबतीत १.६ ने गुणावे लागते. म्हणजे त्यावरील १० मिलिमीटरचे भिंग पूर्ण चौकटीच्या १५ किंवा १६ इतकेच रुंद पाहते. म्हणून दुकानात आकडा विचारण्यापूर्वी आपल्या कॅमेऱ्याची चौकट कोणती, हे विचारावे. लहान चौकटीस १० ते १८ किंवा १० ते २० आणि मोठ्या चौकटीस १४ किंवा १६ पासून पुढे, असा साधारण हिशेब आहे.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण हे भिंग घेतात ते ‘सगळे मावावे’ म्हणून. आणि तेथेच निराशा होते. भिंग सर्व काही आत घेते, परंतु त्या बदल्यात प्रत्येक वस्तू लहान करते. चंद्राचेच उदाहरण पाहा. आकाशात चंद्र जेमतेम अर्धा अंश व्यापतो. १४ च्या भिंगाने घेतलेले चित्र एक फूट रुंदीचे छापले, तर त्यात चंद्र सुमारे एक मिलिमीटरचा, बारीक मोहरीएवढा उमटतो. शिवाय चंद्र म्हणजे भर उन्हात तळपणारा खडक, आणि खांबांवर पडतो तो पणत्यांचा मंद प्रकाश. खांब दिसावेत इतका प्रकाश घेतला, तर चंद्र पांढरा ठिपका होतो. चंद्रबिंबावरील डाग दिसावेत अशी इच्छा असणाऱ्याने दूरचे पाहणारे, मोठ्या आकड्याचे भिंग लावावे. अतिरुंद भिंगाने स्वर्गमंडपात जे मिळते ते चंद्राचे चित्र नव्हे. ते आहे बारा खांबांनी तोलून धरलेल्या आकाशाच्या वर्तुळाचे चित्र.

मग हे भिंग कशासाठी? आमच्या मते ते मावण्यासाठी नाही, जवळ जाण्यासाठी आहे. एक प्रयोग घरीच करून पाहावा. भिंगापासून एक फुटावर पणती ठेवावी आणि दहा फुटांवर खांब असावा. आता एक फूट मागे सरकावे. पणतीचे अंतर दुप्पट झाले, ती चित्रात निम्मी झाली. खांबाचे अंतर दहाचे अकरा झाले, तो जवळपास तसाच राहिला. याचाच अर्थ असा की, जवळच्या वस्तूचे मोठेपण आपल्या एका पावलावर अवलंबून असते. मोठे आणि लहान ठरविते ते अंतर. भिंग केवळ इतके करते की, पणतीला चिकटून उभे राहिल्यावरही मागचा मंडप चौकटीबाहेर जात नाही. तेव्हा लांब दाराशी उभे राहून सगळा मंडप ‘भरून’ घेऊ नये. दिव्यांच्या ओळीतील एक दिवा निवडावा, खाली बसावे, त्याच्या अगदी निकट जावे आणि मागे खांबांस उभे राहू द्यावे.

विश्वरूपदर्शनाचा प्रसंग येथे आठवतो. भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुनास सर्व विश्व एकाच ठायी दिसले. परंतु तो त्या दर्शनात रमला नाही, भ्याला. आणि त्याने परिचित, सौम्य रूपाचीच याचना केली. सर्व काही एकदम दिसणे म्हणजे आपलेसे वाटणे नव्हे. चित्रातही पाहणाऱ्याची दृष्टी टेकावी असे एक सौम्य, निकटचे काही असावे लागते.

आता आजीच्या मुखाविषयी. सरळ रेषा सरळच ठेवणारे भिंग कडेच्या गोल वस्तू बाहेरच्या बाजूस ताणते. हा भिंगाचा बिघाड नाही. गोलाकार दिसणारे जग सपाट कागदावर पसरण्याचे ते मोल आहे. १४ च्या भिंगात उजव्या-डाव्या टोकाशी आलेले मुख उंचीच्या मानाने दीडपटीहून अधिक रुंद होते, २४ मध्ये सव्वापट. मध्यभागी हा दोष जवळजवळ नसतो. म्हणून कुटुंबाच्या चित्रात वडीलधाऱ्यांस मध्यभागी बसवावे, लहानांस त्यांच्या जवळ घ्यावे आणि कडेला खांब, भिंत वा अंधार येऊ द्यावा, माणूस नको. माणसांच्या केवळ मुखांचे चित्र हवे असेल, तर हे भिंग काढून ५० च्या आसपासचे लावावे.

दुसरी खूण शिखराची. कॅमेरा वर कलविला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि शिखर मागे पडत असल्यासारखे दिसते. कॅमेरा क्षितिजसमांतर धरावा, किंवा सरळ माथ्याकडे रोखावा. अर्धवट कलवू नये. स्वर्गमंडपात सरळ वर रोखणेच उचित. वर्तुळाच्या केंद्राखाली भिंग आले, की बाराही खांब चारी बाजूंनी केंद्राकडे धाव घेतात. हातभर बाजूला सरकले तरी तो तोल बिघडतो. या मंदिराची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे आणि तेथे तिपाई लावण्यास पूर्वपरवानगी लागते. परवानगी नसल्यास कॅमेरा हाती स्थिर धरून काम भागवावे. अतिरुंद भिंगात हाताचा कंप कमी जाणवतो. सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत उघडीप ठेवली तरी सावध हाताचे चित्र बहुधा स्पष्ट येते.

निवडीविषयी थोडे. छिद्राचा एफ अंक जितका लहान, तितका अंधारात उपयोग अधिक. पण वजन आणि किंमतही अधिक. निकॉनने २००७ साली आणलेले १४ ते २४ मिलिमीटरचे एफ/२.८ भिंग जवळपास एक किलोचे आहे. त्याच कंपनीचे २०१९ मधील १४ ते ३० चे एफ/४ भिंग ४८५ ग्रॅमचे आहे. पहिल्याची पुढची काच फुगीर असल्याने त्यावर साधी गाळणी बसत नाही, दुसऱ्यावर बसते. खांब हलत नाहीत. तेव्हा ज्यास केवळ देवळे टिपायची आहेत त्याने हलक्या भिंगावर समाधान मानण्यास हरकत नाही. फुगीर काचेवर तेलाचा वा काजळीचा एक डाग पडला, तरी प्रत्येक पणतीभोवती धुके दिसते. स्वच्छ मऊ वस्त्र जवळ असू द्यावे.

खर्च करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या १८ ते ५५ च्या भिंगाने १८ वर घेतलेली जुनी चित्रे पाहावीत. त्यांत पुढची अर्धी फरशी रिकामी पडलेली असेल, तर अतिरुंद भिंग ती रिकामी जागा वाढवीलच. पण विषयाच्या निकट जाऊनही, पाठ भिंतीला लागूनही जागा अपुरी पडली असेल, तर ते भिंग खरोखरच उपयोगी पडेल. प्रथम एका दिवसासाठी भाड्याने आणून पाहणे सर्वांत शहाणपणाचे. आणि पुष्कळांच्या खिशात असे भिंग आधीच आहे. २०१९ च्या आयफोन ११ मध्ये १२० अंश पाहणारे भिंग आले, आणि आता अनेक मोबाइलवर ०.५ किंवा ०.६ च्या खुणेने ते दिसते. अंधारात त्याची शक्ती थोडी असते. परंतु संध्याकाळच्या उजेडात, दिवे नुकतेच लागत असताना ते निकट जाण्याचा अभ्यास उत्तम करविते.

शेवटी मर्यादेची गोष्ट. दूरचे भिंग माणसास दूर ठेवते, हे भिंग त्यास दुसऱ्याच्या अंगणात नेते. पणती लावणाऱ्या वृद्धेपासून हातभर अंतरावर कॅमेरा आणायचा, तर आधी तिच्याकडे पाहून हात जोडावेत आणि संमती घ्यावी. कडेला आपण न पाहिलेली माणसेही या भिंगात येतात. ओलेत्याने उभ्या असलेल्या स्त्रीपुरुषांची चित्रे घेऊ नयेत, आली तर ठेवू नयेत. गाभाऱ्यात मनाई असल्यास हुज्जत घालू नये. शिळेवर दुसऱ्याने लावलेला दिवा आपल्या चौकटीसाठी सरकवू नये. तो त्याच्या देवापुढे लावलेला आहे, आपल्या भिंगापुढे नव्हे. आणि चंद्र माथ्यावर येतो ती वेळ थोडी असते. त्यातील पहिली काही क्षणे भिंगाविना, उघड्या डोळ्यांनी पाहावीत. कोठे जवळ जायचे, हे त्या पाहण्यातूनच कळते.

यंदाच्या त्रिपुरारी पौर्णिमेस वाचकांच्या घरी एकच चित्र आले तरी पुरे : मध्यभागी आजी, तिच्या हातातील पणती सर्वांत पुढे, आणि मागे देऊळ आपल्या जागी ताठ उभे.