सुकेळ्यांच्या नऊ स्लाइड्स

नालासोपारा स्टेशनाबाहेर झेरॉक्सची जी दुकानं आहेत, त्यांच्या पाट्यांवर आधार, पॅन आणि रेझ्युमे यांच्या खाली हल्ली आणखी एक ओळ असते: 'पीपीटी बनवून मिळेल'. कॉलेजांत सेमिनारचे दिवस आले की तिथं पोरांची झुंबड उडते. विषय सांगायचा, निळा हवा की हिरवा एवढं सांगायचं, आणि अर्ध्या तासात पेनड्राइव्हवर वीस स्लाइड्स. प्रस्तावना, इतिहास, फायदे, तोटे, निष्कर्ष, धन्यवाद. विषय प्लास्टिकबंदी असो, शेअर बाजार असो, नाहीतर वसईचा किल्ला असो. वसईच्या किल्ल्याचे 'तोटे' सांगणारी स्लाइड मी या डोळ्यांनी पाहिली आहे. 1739मध्ये चिमाजीअप्पांसमोर किल्ला खाली करणाऱ्या पोर्तुगीजांना विचारलं असतं, तर त्यांनी ते नीट सांगितले असते.

मी याच भागात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन 2001मध्ये स्थापन झालं, पुढच्याच वर्षी एमएस-सीआयटी सुरू झालं, आणि गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या. त्या लाटेत आलेल्यांपैकीच मी. वर्ड, एक्सेल झालं की पॉवरपॉइंटचा आठवडा येतो आणि वर्ग एकदम जागा होतो, कारण यात रंग आहेत, अक्षरं उड्या मारत येतात, टाळ्यांचा आवाज घालता येतो. या आठवड्यात मला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच: "मॅडम, टेम्प्लेट कुठलं घेऊ?"

गेल्या वर्षी हाच प्रश्न आगाशीकडच्या एका मुलीनं विचारला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा विषय होता सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. म्हटलं, आधी ते टेम्प्लेट बंद कर. सुकेळ्यांबद्दल तुला काय सांगायचंय, ते वहीत लिही. तिचा चेहरा पडला. वहीत लिहायचं तर क्लासला कशाला यायचं?

साचा आणि आराखडा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात त्या एकाच पुडीत बांधून मिळतात. घोळ तिथं आहे. साचा म्हणजे टेम्प्लेट: शीर्षक कुठं, मजकूर कुठं, अक्षर केवढं, रंग कोणते, संस्थेचं बोधचिन्ह कोणत्या कोपऱ्यात. आराखडा म्हणजे आउटलाइन: आधी काय सांगायचं, मग काय, कशाच्या पोटात काय येतं, आणि काय सांगायचंच नाही. साचा उसना घेतला तरी चालतो. लग्नाच्या पत्रिकेचा साचा सगळेच उसना घेतात, नवरा-नवरीची नावं मात्र आपली घालतात.

याचा सगळ्यात जुना पुरावा आमच्याच गावात सापडला आहे. 1882मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, आणि त्याच साली सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही इथं मिळाला. नवव्याचा तुकडा 1956मध्ये जवळच्याच भुईगावला निघाला. गिरनारपासून ओडिशातल्या धौलीपर्यंत जे चौदा लेख दगडांवर कोरलेत, त्यातलेच हे दोन. पाटलीपुत्राहून एक मसुदा निघायचा आणि ठिकठिकाणी कोरला जायचा. पण आंधळेपणानं नाही. तेराव्या लेखात कलिंगच्या युद्धाची कबुली आहे, त्यात किती माणसं मेली आणि किती बंदी झाली याचे आकडे आहेत. खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथं, अकरा ते तेरा हे लेख गाळले आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरले. श्रोता कोण आहे ते पाहून स्लाइड झाकायची, हे तेव्हाही ठाऊक होतं.

चौदावा लेख तर मी वर्गात पॉवरपॉइंटच्या पहिल्याच दिवशी सांगते. त्यात अशोक म्हणतो त्याचा भावार्थ असा, की हे लेख कुठं थोडक्यात आहेत, कुठं मध्यम, कुठं सविस्तर, कारण सगळंच सगळीकडे लागू पडत नाही. काही गोष्टी गोड म्हणून पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत. आणि काही अपुरं राहिलं असेल, तर ते जागेमुळे किंवा लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे. आराखड्याची यापेक्षा चांगली व्याख्या मला कोणत्याही पुस्तकात मिळालेली नाही. शिवाय चूक टायपिस्टवर ढकलायची सोय आहेच.

पडद्यावर चित्रं दाखवत बोलायची कलाही आपल्याकडे अमेरिकेतून आलेल्या सॉफ्टवेअरची वाट पाहत थांबली नव्हती. वसई जेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, तेव्हा त्याच जिल्ह्यातल्या कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी 1890च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागून दिवा, समोर पडदा. सोबत निवेदन आणि संगीत. रामायणातले प्रसंग लोकांना तोंडपाठ होते, तरी ते बघायला येत. काचेवर मजकूर लिहून तो वाचून दाखवावा, असं पटवर्धनांना सुचलं नाही. सुचतं, तर लोक पहिल्या अंकातच उठून गेले असते.

आता त्या सॉफ्टवेअरकडे. रॉबर्ट गॅस्किन्स या गृहस्थानं ऑगस्ट 1984मध्ये दोन पानांचं एक टिपण लिहिलं. तेव्हा कंपन्यांमध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून बोलायची पद्धत होती, आणि ते कागद करून घ्यायला कला विभागाच्या मागे लागावं लागे. बोलणाऱ्यालाच ते स्वतः करता आले तर, एवढीच कल्पना. डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांनी ती प्रत्यक्षात आणली. नाव आधी 'प्रेझेंटर' होतं. ट्रेडमार्कची अडचण निघाली म्हणून 'पॉवरपॉइंट' झालं. एप्रिल 1987मध्ये ते मॅकिंटॉशसाठी विक्रीला आलं, काळंपांढरं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं 1 कोटी 40 लाख डॉलर मोजून ते बनवणारी कंपनीच विकत घेतली.

आउटलाइनचा धागा मात्र निराळा आहे. डेव्ह वायनर यांच्या कंपनीनं 1980च्या दशकात मुद्दे आणि उपमुद्दे यांची उतरंड रचणारे प्रोग्रॅम काढले. त्यातल्या 'मोअर'मध्ये ही उतरंड एका झटक्यात मुद्देसूद तक्त्यांत बदलता येई. म्हणजे आधी विचार रचा, चित्र मागून येईल. पॉवरपॉइंटमध्ये पुढं दोन्ही धागे एकत्र आले, पण लोकांनी उचलला तो रंगांचा.

कोऱ्या स्लाइडपुढं माणूस गोठतो, हे मायक्रोसॉफ्टच्याही लक्षात आलं. म्हणून 1990च्या दशकाच्या मध्यात 'ऑटोकंटेंट विझार्ड' आला: विषयाचा प्रकार निवडा, मुद्दे तयार. हे नाव म्हणे आतल्या लोकांनी थट्टेत ठेवलं होतं, तेच कायम झालं. 2007च्या आवृत्तीत विझार्ड काढून टाकला. आता 2023पासून कोपायलट आणि त्याची भावंडं तेच काम जास्त गोड बोलून करतात. विरार फास्टमध्ये दारात लटकत फोनवर प्रेझेंटेशन 'जनरेट' करणारी माणसं मी बघते, आणि मला स्टेशनाबाहेरचं झेरॉक्सचं दुकानच आठवतं. फरक इतकाच, की दुकानदार निदान निळा की हिरवा ते विचारायचा.

आमच्या आगाशीकरणीनं वहीत पहिल्यांदा जे लिहिलं तेही असंच होतं. सुकेळ्यांचा इतिहास, सुकेळ्यांचे फायदे, सुकेळ्यांचे तोटे. विचारलं, घरी कोण करतं? "आजी करायची." मग आजीला विचारून ये.

दोन दिवसांनी आली ती पाच पानं भरून. राजेळी केळीच लागतात, दुसरी चालत नाहीत. पाऊस पुरता गेल्याशिवाय हात लावायचा नाही. केळी पिकवायची, सोलायची, उन्हात मांडायची, संध्याकाळी गोळा करून झाकून ठेवायची, सकाळी पुन्हा मांडायची. असं आठवडाभर. मधेच आभाळ आलं तर जीव टांगणीला. मधाच्या रंगावर आली की केळीच्याच वाळलेल्या पानात बांधायची. आणि शेवटी एक वाक्य: आजी म्हणते, केळी आहेत, ऊन आहे, राखायला माणूस नाही.

"हे वाक्य पहिल्या स्लाइडवर घे," मी म्हटलं. बाकी आराखडा त्याच्यामागून आपोआप आला. माणूस का नाही? कारण काम आठवडाभराचं, आणि घरातली तरुण माणसं सकाळीच लोकल धरतात. मग त्या आठवड्याच्या मजुरीचा हिशेब काय? किलोभर सुकेळ्यांना किती केळी जातात? भाव कोण ठरवतं? बी.कॉम.चा विषय इथं सुरू झाला. इतिहास एका ओळीत आटोपला. तोटे गेले.

मग आम्ही कॉम्प्युटर उघडला, आणि तरीही डिझाइनकडे गेलो नाही. व्ह्यूमध्ये आउटलाइन व्ह्यू असतो. डावीकडे नुसता मजकूर. एक ओळ लिहून एंटर दाबलं की नवी स्लाइड, टॅब दाबलं की ती ओळ वरच्या मुद्द्याच्या पोटात जाते, शिफ्ट-टॅबनं बाहेर येते. नऊ शीर्षकं एकाखाली एक वाचायची. नुसती शीर्षकं वाचून गोष्ट कळली, तर आराखडा बसला. 'मजुरी' हे शीर्षक तिनं खोडलं आणि लिहिलं, 'आठवड्याची मजुरी धरली तर नफा उरत नाही'. शीर्षक म्हणजे कपाटाच्या खणावरची चिठ्ठी नव्हे. तिथं पूर्ण वाक्य लिहायला लाजू नये. वर्डमध्ये हेडिंग वन, हेडिंग टू अशा शैली लावून लिहिलेली फाइलही 'स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन'मधून आत घेता येते. हेडिंग वनची स्लाइड होते, हेडिंग टूचा मुद्दा. ज्यांना पॉवरपॉइंट विकत घ्यायचं नाही त्यांच्यासाठी लिबरऑफिसचं इम्प्रेस आहे, त्यातही आउटलाइन आहे. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इम्प्रेसचे धडे मराठीतून फुकट ऐकायला मिळतात.

साच्याची पाळी त्यानंतर. आणि इथं मी साच्याच्या बाजूनं बोलणार आहे, कारण त्याला नावं ठेवणारे बहुतेक जण तो वापरायला शिकलेलेच नसतात. साच्याचं मूळ स्लाइड मास्टरमध्ये असतं. तिथं एकदा अक्षर ठरवलं की सगळ्या स्लाइड्सवर बदलतं. पण कधी? मजकूर त्याच्या ठरलेल्या चौकटीत, म्हणजे प्लेसहोल्डरमध्ये, लिहिला असेल तर. आमची मुलं ती चौकट डिलीट करतात आणि स्वतःचा टेक्स्ट बॉक्स काढतात. तो मजकूर ना मास्टरचं ऐकतो, ना आउटलाइनमध्ये दिसतो. मग सादरीकरणाच्या आदल्या रात्री चाळीस स्लाइड्सचा फॉन्ट एकेक करून बदलत बसायचं. साचा म्हणजे मोदकाचा साचा. सारण आत भरायचं असतं, बाहेरून थापायचं नसतं.

मराठीत लिहायचं तर आणखी एक पेच. परदेशी टेम्प्लेटं रोमन अक्षरांच्या मापानं केलेली असतात. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी आणि पायात उकार, त्यामुळे ओळी एकमेकींना घासतात. मास्टरमध्येच ओळींमधलं अंतर वाढवून घ्यावं. जुन्या, युनिकोडमध्ये नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली स्लाइड कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडली, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी त्या खिचडीसमोर उभं राहून घाम पुसला आहे. युनिकोड वापरा, आणि सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच बांधून घ्या, तशी सोय ऑप्शन्समध्ये आहे. विंडोजवर वर्षानुवर्षं मराठी ज्यात दिसली तो 'मंगल' आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला, हेही सांगून ठेवते. आणि मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त', 'बलू' हे फॉन्ट मोफत आहेत.

वर्गात कुणी म्हणालं की एवढं काय त्या मुद्द्यांच्या उतरंडीत, तर मी कोलंबिया यानाची गोष्ट सांगते. 16 जानेवारी 2003ला यान उडालं, आणि दीड मिनिटाच्या आत फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. धोका किती, यावर बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी स्लाइड्स केल्या. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढं त्यातली एक स्लाइड ओळीनं ओळीनं सोलून दाखवली. शीर्षक धीर देणारं, त्याखाली मुद्दे, उपमुद्दे, त्यांचेही उपमुद्दे. ज्या चाचण्यांवर भरवसा ठेवला होता त्यांतल्या तुकड्यांपेक्षा हा तुकडा शेकडो पटींनी मोठा होता, ही गोष्ट अगदी तळाशी, बारीक अक्षरात. 1 फेब्रुवारीला परतताना यान फुटलं. कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. यान स्लाइडमुळे पडलं असं कुणीच म्हणत नाही. पण तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड्स वापरायच्या नासाच्या सवयीवर चौकशी मंडळानं आपल्या अहवालात स्पष्ट बोट ठेवलं. सगळ्यात मोठी गोष्ट कितव्या पायरीवर बसवायची, हे टेम्प्लेट ठरवू शकत नाही.

आपल्या कीर्तनकारांना हे फार आधी उमगलं होतं. नारदीय कीर्तनाचा साचा पक्का: नमन, मूळ पद, निरूपण, मग उत्तररंगात आख्यान. शेकडो वर्षं तोच. पण त्या साच्यात बुवा उभे राहिले की समोर बसलेली आळी बघून दाखले बदलतात. आणि पद श्रोत्यांना वाचून दाखवायला कुणी फळा लावत नाही.

आगाशीकरणीची एक स्लाइड मात्र मी शेवटपर्यंत काढायला लावत होते, ती 'धन्यवाद'ची. आभार तोंडानं मानावेत. पडद्यावर शेवटची स्लाइड प्रश्न चालू असेपर्यंत राहते, तेवढा वेळ लोकांनी गुलाबाचं फूल का बघावं? आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना निरर्थक विधी करतात, अशी तक्रार अशोकानं नवव्या लेखात केली आहे, आणि तो तुकडा भुईगावलाच सापडावा, याची मला मौज वाटते. तिनं फूल काढलं. त्या जागी आजीच्या अंगणातल्या रिकाम्या मांडवाचा फोटो घातला.

सादरीकरणाला मी गेले नव्हते, तिनं येऊन सांगितलं. नऊ स्लाइड्स अकरा मिनिटांत झाल्या. परीक्षकांनी विचारलं, मजुरीचा आकडा काय म्हणालात? बाकीची मुलं अशा वेळी बाण दाबत उलटी पळतात आणि वाटेतली सगळी ॲनिमेशनं पुन्हा उड्या मारतात. हिला आराखडा पाठ होता. तिनं कीबोर्डवर सहा दाबलं, एंटर दाबलं, सहावी स्लाइड समोर. परीक्षकांनी आकडा वहीत उतरवून घेतला आणि मग विचारलं, अहो, पण लागतात कशी ही सुकेळी? तेव्हा तिनं पिशवीतून पानात बांधलेली पुडी काढली.