कीबोर्डला स्पीकर घेताना

भजनी मंडळासाठी गटाच्या पैशातून कीबोर्ड घेतला, की त्याच्या पोटातला स्पीकर लवकरच अपुरा वाटतो. मग दुकानदार स्टुडिओ मॉनिटर दाखवतो आणि वर सबवूफरही गळ्यात मारू बघतो. पैसा थेंबेथेंबे जमलेला, म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

मॉनिटर म्हणजे आवाजाला तिखटमीठ न लावणारा स्पीकर. घरच्या म्युझिक सिस्टीममध्ये ढम्म आवाज बहुधा मुद्दाम वाढवलेला असतो. मॉनिटरमधून सूर आहे तसा येतो, चुकलेली पट्टीही लगेच कळते. बहुतेकांत अँप्लिफायर आतच असतो, वेगळा लागत नाही. किंमत मात्र एकाची की जोडीची, हे आधी विचारा. पुष्कळदा ती एकाचीच निघते!

आता सबवूफर. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डचा सर्वांत खालचा सूर साधारण 65 हर्ट्झचा. पाच इंची मॉनिटर बहुधा 50 च्या आसपास उतरतो, म्हणजे तो सूर त्यात मावतो. 88 पट्ट्यांचा कीबोर्ड 27.5 हर्ट्झपर्यंत जातो, तिथे सबवूफरला काम आहे. पण लहान खोलीत त्याने नुसतं घुमतं. आम्हाला विचाराल तर तेच पैसे चांगल्या मॉनिटरवर घाला.

देवळाच्या पटांगणात मात्र मॉनिटर पुरणार नाही, तो जवळ बसून ऐकण्यासाठी असतो. सप्ताहाला मोठे स्पीकर भाड्याने आणलेले बरे.

चालू करताना आधी कीबोर्ड, मग मॉनिटर. बंद करताना उलट, नाहीतर ठक्कन आवाज होतो. आणि दुकानात जाताना आपला कीबोर्ड बरोबर न्या. रोज वाजवणारीलाच तिथे वाजवायला बसवा.